कोणता क्लास लावू?

प्रस्तावना

“सर, मुलाला कराटे लावू की ज्युदो? की ते एमएमए?” जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की ठाणे, डोंबिवली, कल्याण इथल्या प्रशिक्षकांना हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्या आईवडिलांच्या डोळ्यांसमोर पदक क्वचितच असतं. रात्री उशिराच्या लोकलने एकटी परतणारी मुलगी असते, किंवा क्लासवरून येताना टोळक्याने अडवलेला मुलगा असतो. उद्या खरोखर कुणी अंगावर आलं तर शिकलेल्यातलं काय कामाला येईल, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

उत्तर मात्र त्यांना एखाद्या कलेच्या नावाने मिळतं. कराटेवाले कराटे सांगतात, बॉक्सिंगवाले बॉक्सिंग, आणि तालमीतले वस्ताद म्हणतात की मातीत उतरल्याशिवाय अंगात काही येत नाही. प्रत्येकजण आपल्या अनुभवातून खरंच बोलत असतो. तरीही हे उत्तर अपुरं आहे. कोणती कला शिकलात यापेक्षा ती कशी शिकलात याने खऱ्या मारामारीत जास्त फरक पडतो. आणि त्याहूनही जास्त फरक पडतो तो मारामारी कुठे चालली आहे आणि तुम्हाला तिथून काय साधायचं आहे याने. हे पुस्तक या एका म्हणण्यासाठी लिहिलं आहे.

आधी ‘कशी’विषयी. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान सुरू केलं, तेव्हा जपानात जुजुत्सूची कितीतरी जुनी घराणी होती. सांधे मोडायचे, मर्मावर आघात करायचे असे भयंकर डाव त्यांच्याकडे होते. हे डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने करून पाहता येत नाहीत, म्हणून बराचसा सराव ठरवून व्हायचा: एकाने हल्ल्याचा आव आणायचा, दुसऱ्याने डाव करायचा, पहिल्याने पडायचं. कानोंनी फार धोकादायक डाव खुल्या सरावातून बाजूला काढले. उरलेल्या फेका आणि पकडी मात्र विद्यार्थ्यांनी एकमेकांवर खऱ्या जोराने, समोरचा खराखुरा विरोध करत असताना करायच्या, असा दंडक घातला. या मोकळ्या झुंजीला ज्युदोत रांदोरी म्हणतात. १८८० च्या दशकातच कोदोकानचे विद्यार्थी जुन्या घराण्यांच्या विद्यार्थ्यांना भर लढतीत आपटू लागले. ज्यांच्याकडे कमी घातक डाव होते ते जिंकले, कारण त्यांचे डाव रोज खऱ्या विरोधाला घासून निघालेले होते. डाव जितका भयंकर तितका त्याचा सराव लटका होण्याची शक्यता जास्त, हे या घटनेतलं मर्म मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एखादा प्रशिक्षक ‘आमची कला इतकी जीवघेणी आहे की तिची लढत लावताच येत नाही’ असं सांगू लागला, तर त्याच्या विद्यार्थ्याने तो डाव न ऐकणाऱ्या माणसावर एकदाही केलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे हे ज्ञान तालमीत होतंच. कल्याण, अंबरनाथ, भिवंडी या तालुक्यांतल्या आगरी-कोळी गावांत जत्रेला कुस्त्यांचा फड आजही लागतो. सलामी झाली की खडाखडी सुरू होते. मानेवर हात, मनगटावर पकड, कपाळाला कपाळ. इथे समोरचा तुमच्या सोयीने पडत नाही. पट काढायला गेलात तर तो पाय मागे टाकतो, ढाक लावायला गेलात तर अंग जड करतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगासुद्धा दोन पावसाळे मातीत काढले की अंगावर आलेल्या वजनाला घाबरत नाही. रस्त्यावरच्या झटापटीत पहिल्या काही क्षणांत बहुतेक माणसं थिजतात, श्वास कोंडतात. पैलवान तेवढ्या वेळात पायाची बैठक रोवून उभा असतो.

पण कुस्तीला तिच्या नियमांनी जशी धार दिली तशा काही सवयीही लावल्या. मातीत ठोसा नाही, लाथ नाही. त्यामुळे पट काढायला वाकलेल्या पैलवानाच्या डोक्यात गुडघा येऊ शकतो, हा विचार अंगात भिनलेला नसतो. मातीत चीतपट केलं की पंच शिट्टी वाजवतो आणि लढत संपते. रिक्षा स्टँडवर एकाला खाली घेऊन बसलात तर त्याचे मित्र उभेच असतात. आणि खाली माती नसते, पेव्हर ब्लॉक असतात.

पैलवान खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलीस खात्याने पैलवानांना नेहमीच जवळ केलं, त्यामागे पदकांचा मान होताच, पण कामाचा मेळही होता. पोलिसाला माणूस पकडायचा असतो, जखमी न करता दाबून ठेवायचा असतो, आणि मागे त्याचे सहकारी असतात. धरणं आणि खिळवणं यात कुस्ती आणि ज्युदोच्या तोडीचं फार थोडं आहे. सामान्य नागरिकाचं काम नेमकं उलटं आहे. त्याला कुणालाही धरून ठेवायचं नाही. धरलेलं सोडवायचं आहे आणि निघून जायचं आहे. कला निवडताना हा फरक लक्षात घेतला जात नाही, आणि मग बाउन्सरला उपयोगी पडणारं शिक्षण अकरावीतल्या मुलीला दिलं जातं.

कराटेबद्दल लिहायला मला जड जातं, कारण आमच्या पट्ट्यात शिस्त, घाम आणि गुरूविषयी आदर हे हजारो मुलांना कराटेनेच पहिल्यांदा शिकवलं. सोसायटीच्या गच्चीवर, शाळेच्या पटांगणात, मंदिराच्या सभागृहात चालणारे हे वर्ग मध्यमवर्गीय घरांना परवडणारे राहिले, ही साधी गोष्ट नाही. पण मुलांना काय शिकवलं जातंय ते नीट पाहायला हवं. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली तोक्योत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि ही कला जपानभर पसरली. पट्ट्यांची पद्धत तिने ज्युदोकडून घेतली. आज अनेक वर्गांत काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आणि पट्ट्याची परीक्षा यांनाच बहुतेक वेळ जातो. कुमिते, म्हणजे जोडीदाराशी झुंज, होते ती गुणांची: ठोसा लागायच्या आत आवरायचा, पंचाने हात वर करायचा, पुन्हा अंतर घ्यायचं. या खेळाने अंतराची जाण आणि पायांची चपळाई येते, हे निर्विवाद. मात्र तोंडावर फटका बसला तर काय होतं, ते काळा पट्टा बांधलेल्या मुलालाही कित्येकदा ठाऊक नसतं. मासुतात्सु ओयामांच्या क्योकुशिनसारख्या शाखेत अंगावर पूर्ण जोराने मारतात, म्हणून तिथले विद्यार्थी वेगळे दिसतात. पण तिथेही चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी आहे. तायक्वांदो २००० साली ऑलिंपिकचा पदकाचा खेळ झाला, आणि त्यातही हाताने चेहऱ्यावर मारता येत नाही, म्हणून खेळाडूंचे हात खाली राहतात. नियमात जे नाही त्याची सवय शरीराला लागत नाही.

बॉक्सिंगकडे फक्त दोन मुठी आहेत, आणि तरीही थोडक्या काळात खऱ्या प्रसंगासाठी माणूस तयार करायचा तर मी तिचं नाव आधी घेईन. कारण पहिल्या काही महिन्यांतच तिथे मार बसतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि तरी हात वर ठेवून विचार करत राहावं लागतं. एक धोका मात्र प्रशिक्षकाने सांगितलाच पाहिजे. ग्लोव्हशिवाय डोक्याच्या हाडावर मारलेला ठोसा मारणाऱ्याचीच करंगळीमागची तळहाताची हाडं मोडू शकतो. अस्थिरोगतज्ज्ञांच्या पुस्तकांत या मोडीला बॉक्सरच्याच नावाने ओळखतात. मुय थाय, किकबॉक्सिंग यांनाही हेच गुण आणि हीच सावधगिरी लागू आहे.

खुल्या लढतींनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरीच धूळ झटकली. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला वेगवेगळ्या कलांचे आठ लढवय्ये एका पिंजऱ्यात उतरले आणि ब्राझीलचा सडपातळ रॉइस ग्रेसी आपल्या प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर नेऊन जिंकला. त्याच्या घराण्याची विद्या कोदोकानच्याच मित्सुयो माएदांकडून ब्राझीलला गेलेली. एप्रिल २०१७ मध्ये चीनमधल्या चेंगदूत शू शियाओदोंग या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) प्रशिक्षकाने ताई चीच्या एका गुरूला वीस सेकंदांच्या आत खाली लोळवलं, आणि देशभर गदारोळ झाला. दोन्ही घटनांमधून एकच गोष्ट दिसते: रोज विरोध पचवून सराव करणारा जिंकतो. पण डेन्व्हरमधून ‘जमिनीवरची झुंज सर्वश्रेष्ठ’ असा धडा घेऊन ती डोंबिवलीच्या स्टेशनबाहेर वापरायला जाणं धोक्याचं आहे. पिंजऱ्यात गादी असते, पंच असतो, वेळ ठरलेली असते, आणि समोर एकच माणूस असतो, तोही रिकाम्या हाताने.

आता ‘कुठे’विषयी. मारामारीच्या कुठल्याही पुस्तकात लोकलचा दरवाजा नसतो, आणि आमच्या लोकांची निम्मी भांडणं तिथेच होतात. चौथ्या सीटवरून, दारात उभं राहण्यावरून, उतरू न देण्यावरून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून रुळांवर पडले आणि किमान चार जण दगावले. तिथे कुणी कुणाशी भांडत नव्हतं. नुसत्या गर्दीने जिथे माणूस पडून मरतो, तिथे कॉलरला घातलेला हात म्हणजे काय, याचा विचार व्हायला हवा. दारातल्या झटापटीत तुमचा डाव उत्तम बसला तर समोरचा मरेल आणि आयुष्यभराची शिक्षा तुम्हाला होईल. बसला नाही तर तुम्ही मराल. म्हणून गाडीत वापरायची विद्या वेगळी आहे: पाठ दाराकडे न ठेवणं, बॅग पुढे घेणं, आवाज खाली ठेवून ‘चुकलं, बसा’ म्हणणं, पुढच्या स्थानकावर उतरून डबा बदलणं. हे पळपुटेपणाचं लक्षण मानणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या मनातून ही समजूत काढणं हे प्रशिक्षकाचं सगळ्यात अवघड काम आहे.

स्कायवॉक, पादचारी पूल, इमारतीचा जिना, पार्किंगची अरुंद गल्ली, विसर्जन मिरवणूक: या सगळ्या ठिकाणी उंच लाथेला जागा नसते, घसरायला मात्र पुरेपूर असते. पावसाळ्यात ओल्या लादीवर एका पायावर उभं राहणारा स्वतःच आडवा होतो. आणि डोकं काँक्रीटवर आपटणं हे ठोशापेक्षा कितीतरी जास्त जीवघेणं आहे.

चाकूपुढे बाकी सगळी चर्चा मागे पडते. ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीच्या आंबोलीत आणि डिसेंबर २०१२ मध्ये डोंबिवलीत मैत्रिणींच्या छेडछाडीला विरोध करणारे तरुण भोसकले जाऊन मेले. डोंबिवलीतला मुलगा १९ वर्षांचा होता. दोन्हीकडे समोर टोळकं होतं आणि टोळक्याकडे शस्त्र होतं. त्या मुलांचं धैर्य कुठेही कमी पडलं नाही, आणि जगातल्या कुठल्याही कलेचा काळा पट्टा त्यांच्या कमरेला असता तरी तो पुरला असता असं मी कुणालाही सांगू शकत नाही. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस टुलर यांनी १९८३ मध्ये मोजून दाखवलं की चाकू घेतलेला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि तेवढ्या वेळात सरावलेला पोलीस जेमतेम कमरेचं पिस्तूल काढून झाडू शकतो. आपल्या पादचारी पुलांवर २१ फूट मोकळं अंतर मिळतं तरी कुठे?

तरीही अनेक शिबिरांत रबरी सुरा देऊन ‘हात असा धरा, मनगट असं पिरगळा’ शिकवलं जातं. हल्लेखोर एकच वार करतो आणि हात हवेत तसाच धरून ठेवतो. खरा हल्लेखोर डाव्या हाताने कॉलर पकडतो आणि उजव्या हाताने पुन्हा पुन्हा खुपसतो. ज्याला खात्री करून घ्यायची आहे त्याने पांढरा जुना टी-शर्ट घालावा, मित्राच्या हातात लाल मार्कर पेन द्यावं आणि त्याला मनापासून हल्ला करायला सांगावं. अर्ध्या मिनिटाने शर्टवरच्या रेघा मोजाव्यात. नि:शस्त्र माणसाने सशस्त्राशी कसं लढावं याच्या विद्या आपल्याकडेही होत्या; बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त त्यांची नोंद आहे. पण त्या दीर्घ, कडक तालमीच्या विद्या होत्या. रविवारच्या दोन तासांच्या शिबिरात त्या बसत नाहीत. चाकू दिसला की पळायचं, पळता येत नसेल तर मध्ये बॅग, खुर्ची, दुचाकी, काहीही आणायचं, आणि ओरडायचं. याहून जास्त मी शिकवत नाही.

लाठी आणि दांडपट्टा यांच्याविषयी माझ्या मनात वेगळा आदर आहे. १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत मुली जेव्हा फडके रोडवर लाठी फिरवतात, तेव्हा त्यांच्या खांद्यांत आणि नजरेत आलेला फरक कुणालाही दिसेल. फिरवणं आणि लढणं या मात्र दोन गोष्टी आहेत. मल्लखांबाचंही तसंच झालं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो कुस्तीच्या तयारीसाठी घडवला, आणि आज तो स्वतंत्र, देखणा क्रीडाप्रकार आहे. त्यात काही वाईट नाही. फक्त लाठीच्या वर्गात समोरासमोरची लढत पुन्हा यायला हवी, कारण अंतर राखण्याची जी जाण लाठी देते ती दुसरं काही देत नाही.

आणि मग कबड्डी. स्वसंरक्षणाच्या वर्गात तिचं नाव कुणी घेत नाही, याचं मला नेहमीच वाईट वाटत आलं आहे. ठाणे जिल्ह्यात हा खेळ घराघरांत आहे; चरईतल्या मावळी मंडळाच्या मैदानापासून खाडीकाठच्या गावांपर्यंत. चढाई करणाऱ्याची स्थिती पाहा. तो एकटा आहे, समोर सात जण आहेत. ते त्याला घेरतात, साखळी करून कोंडतात, घोटा धरतात, कमरेला मिठी मारतात. त्याला कुणालाही हरवायचं नाही. मध्यरेषेपर्यंत परत यायचं आहे. हुलकावणी द्यायची, कोपऱ्यातल्या खेळाडूवरची नजर ढळू द्यायची नाही, पकड पूर्ण बसायच्या आत अंग वळवून घ्यायचं, पडलं तरी हात रेषेकडे लांबवायचा. अनेकांनी घेरलेल्या एकट्या माणसाला निसटायला शिकवणारा, तेही पूर्ण विरोधात, रोज संध्याकाळी, जवळजवळ फुकट शिकवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. कानोंना रांदोरीतून जे हवं होतं ते कबड्डीच्या मैदानावर आपोआप घडतं. ठोसे चुकवणं तिच्यात नाही, ते बॉक्सिंगमधून घ्यावं लागेल. पण आठवीतल्या मुलासाठी मला दोनच गोष्टी निवडायला सांगितल्या तर आठवड्यातले तीन दिवस कबड्डी आणि दोन दिवस बॉक्सिंग, असं मी सांगेन. मुलीसाठीही हेच.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर गल्लोगल्ली शिबिरं झाली, आणि बहुतेकांत अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस हाच शत्रू होता. कॅनडात शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींमध्ये पुढच्या वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के राहिलं. फक्त माहितीपत्रकं मिळालेल्या मुलींमध्ये ते ९.८ टक्के होतं. त्या बारा तासांत शारीरिक डावांचा वाटा थोडा होता. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळेत ओळखणं, भिडेपोटी गप्प न बसणं, मोठ्याने आणि स्पष्ट ‘नाही’ म्हणणं, आणि मग गरज पडली तर जोराने हात चालवणं, असा तो क्रम होता. आपल्याकडच्या मुलीला शेजारचे काका, क्लासचे सर, दादाचा मित्र यांच्यासमोर आवाज चढवायला शिकवणं हे कुठल्याही लाथेपेक्षा कठीण आहे, आणि तेच शिबिरांतून गाळलं जातं.

कायद्याचं प्रकरण मी आग्रहाने पुस्तकात घातलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करण्याचा हक्क दिलेला आहे. त्याची मर्यादाही तिथेच आहे: बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही. हल्लेखोर खाली पडला, पळू लागला, की हक्क संपला. त्यानंतरची एक लाथ बचाव करणाऱ्याला आरोपी करते. भांडण दोघांनी मिळून वाढवलेलं दिसलं तर पोलीस ठाण्यात दोन्ही बाजूंच्या तक्रारी नोंदवल्या जातात, आणि मग नोकरीच्या चारित्र्य पडताळणीपर्यंत ते मागे लागतं. आमच्या भागातल्या तरुणांचं भविष्य याने अडलेलं मी पाहिलं आहे.

पुस्तकातली प्रकरणं कलांच्या नावांनी केलेली नाहीत. ती जागांच्या नावांनी आहेत: डबा, फलाट, पूल, जिना, घर. प्रत्येक ठिकाणी कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, कराटे, कबड्डी यांतलं काय टिकतं आणि काय गळून पडतं ते सांगितलं आहे. क्लास निवडताना काय पाहावं याचं एक छोटं प्रकरण आईवडिलांसाठी आहे. त्यातली पहिली सूचना इथेच देतो: फी भरण्याआधी एक संध्याकाळ कोपऱ्यात बसून सराव पाहा, आणि मुलं एकमेकांना खरा विरोध करतात का तेवढं बघा. कुणी डाव करताना फसलं, धडपडलं, पुन्हा उठून भिडलं, असं दिसलं तर तो क्लास चांगला; मग फलकावर कुठल्याही कलेचं नाव असो. सगळेच डाव पहिल्या फटक्यात यशस्वी होत असतील तर दुसरीकडे चौकशी करा.

डावांची छायाचित्रं पुस्तकात आहेत, पण चाकूच्या प्रकरणात एकही दिलेलं नाही. छायाचित्रात चाकू थांबलेला असतो, आणि थांबलेला चाकू पाहून शिकलेल्या हाताची चूक दुरुस्त करायला दुसरी संधी मिळत नाही. त्या प्रकरणात फक्त अंतरं, वेळा आणि पळण्याच्या वाटा दिल्या आहेत.